ते 31 गुण गेले कुठे?

मावसभावानं घरच्या ग्रुपवर बातमी टाकली, वर स्वतःची ओळ: "वीस मार्कांत पास! आता शाळांना कुलपंच लावा." राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात 2024 साली आलेली ती तरतूद. दहावीला गणित-विज्ञानात 35 च्या खाली पण 20 च्या वर असलेल्या मुलाला तसा शेरा मारून पुढे जाऊ द्यायचं. मात्र गणित-विज्ञान लागणारी वाट त्याला बंद. दोन दिवस ग्रुप उकळत होता. मग कुणीतरी मला ओढलं. मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला माध्यमिक शाळेत गणित शिकवते. "तुमच्याकडे चालतं का असलं?"

चालतं. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा असते. गणिताचे पेपर दोन पातळ्यांवर निघतात. वरच्या पातळीच्या पेपरांत एकूण गुणांच्या पाव हिस्साही न मिळवता 4 ही श्रेणी, म्हणजे सर्वसाधारण अर्थानं पास, मिळू शकते. सोप्या पातळीला त्याच 4 साठी निम्म्याहून जास्त लागतात. पेपर किती अवघड निघाला ते बघून ही रेघ दरवर्षी नव्यानं ओढली जाते. हे लिहिल्यावर ग्रुप गप्प. थोड्या वेळानं मामांचा अंगठा आला, तो कशाला हे कळलं नाही.

रेघ 35 वर ओढा नाहीतर 20 वर, तिच्या अलीकडे राहिलेल्या पोराला गणित येत नाही ते नाहीच. इथे 4 हुकली की पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणात गणित सोडता येत नाही. परत बसा, परत परीक्षा द्या. सतरा आणि त्यापुढच्या वयाच्यांचा निकाल बघितला तर पाचातले चार जण पुन्हा 4 च्या खालीच राहतात. तेच धडे, तोच वेग, तीच चूक.

आपल्याकडचं भांडण पंधरा वर्षं ढकलण्या-न ढकलण्याभोवतीच फिरतंय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं, 2019 च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीला पुन्हा मुभा दिली. मूल पुढे ढकलायचं की मागे ठेवायचं यावर सगळे तावातावानं बोलतात. त्याचं नेमकं काय चुकलं हे त्याला कोण सांगणार, यावर कुणी बोलत नाही.

मला कुणी सांगितलं नव्हतं. दहावीला बीजगणित-भूमिती मिळून 150 पैकी 119 मिळाले. घरात पेढे. उत्तरपत्रिका मी कधी पाहिली नाही. आज पोट गणितावर चालतं, पण ते 31 गुण प्रमेयात गेले की समीकरणात, हे मला अजून ठाऊक नाही.

परवा आठवीच्या वर्गात विचारलं: अर्धा अधिक एक तृतीयांश किती? इथे प्रत्येक मुलाकडे छोटी पांढरी पाटी असते. लिहायचं, उलटी धरायची आणि मी म्हटलं की एकदम वर. तीसपैकी अकरा पाट्यांवर 2/5. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. मी पुढचा धडा तिथेच सोडला आणि कागदाची पट्टी घेतली. अर्धी घडी घालून दाखवली आणि विचारलं, 2/5 हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? एक मुलगी पुटपुटली, "मिस, मिळवून कमी कसं झालं?" तास सार्थकी लागला.

ही पाटी म्हणजे इथली अलीकडची आवडती गोष्ट, तिच्यावर प्रशिक्षणं होतात. मला सांगलीकडची माझी शाळा आठवते. आमच्या बाईही "पाट्या वर!" म्हणायच्या. फरक इतकाच की चुकलेली पाटी दिसली की छडी यायची, म्हणून आम्ही शेजाऱ्याचं बघून लिहायचो. बाईंना सगळ्या पाट्या बरोबर दिसायच्या आणि त्या पुढे जायच्या.

गुणांचा नाद इथेही सुटलेला नाही. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी 1988 साली प्रयोग करून दाखवलं होतं की नुसता शेरा मिळालेली मुलं पुढे सुधारली. शेऱ्यासोबत गुणही दिले की शेऱ्याचा उपयोग संपला. मी एक सत्र नुसते शेरे दिले. पोरं वहीची पानं उलटून आकडा शोधायची. पालकसभेत एका गुजराती आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, "वो ठीक है, कितने आये?"

आणि शेऱ्यांचंही नाटक होतं. काही वर्षांपूर्वी इथे आम्ही रात्री रात्री बसून वह्यांत रंगीबेरंगी पेनांनी लिहायचो, मुलासाठी कमी आणि वही तपासायला येणाऱ्या साहेबासाठी जास्त. हा खटाटोप फोल आहे असं सरकारनंच नेमलेल्या गटानं 2016 मध्ये अहवालात लिहिलं, तेव्हा स्टाफरूममध्ये केक कापला होता.

माझी नणंद साताऱ्याकडे द्विशिक्षकी शाळेत आहे. तिला हे सांगितल्यावर ती खदखदून हसली. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या. तयार नोंदींच्या पीडीएफ फिरू लागल्या: 'स्वाध्याय वेळेवर पूर्ण करतो', 'गटकार्यात सहभागी होतो'. एकदा तिच्या हातून 'करतो' हे एका मुलीच्या पानावर तसंच राहिलं. वरच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिला विचारलं, पाचवीत जे राहतात त्यांचं काय करता? वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, पुनर्परीक्षा जूनमध्ये, मधल्या वेळात जादा मार्गदर्शन द्यायचं असतं ना?

"असतं की," ती म्हणाली. "फक्त मे महिन्यात पोरं मामाच्या गावाला असतात, आणि मी जनगणना नाहीतर निवडणूक, जे लागेल त्या ड्युटीवर."