सत्तर टक्क्यांचं खापर कर्मचाऱ्यांवर

"कंपन्यांमधले ७० टक्के बदल फसतात, कारण माणसांना बदल नकोच असतो. मधले मॅनेजर तर खोडा घालायलाच बसलेले. उपाय एकच : संवाद वाढवा, मानसिकता बदला." या आशयाची पोस्ट सारखी फिरत असते आणि खाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग लागते.

आधी आकडा बघू. त्याचा माग काढत गेलं की आपण मायकेल हॅमर आणि जेम्स चँपी या व्यवस्थापन सल्लागारांच्या १९९३ सालच्या रीइंजिनिअरिंगवरच्या, म्हणजे कंपनीतली कामाची पद्धत मुळापासून नव्याने आखण्यावरच्या, पुस्तकापाशी पोचतो. ज्या कंपन्यांना रीइंजिनिअरिंगमधून अपेक्षित मोठा फायदा मिळाला नाही, त्यांचं प्रमाण ते ५० ते ७० टक्के सांगतात, आणि हा आपला अशास्त्रीय अंदाज आहे असंही तिथेच लिहितात. पुढे ५० गळालं, 'अंदाज' गळाला आणि रीइंजिनिअरिंगच्या जागी 'सगळे बदल' आले. २०११ मध्ये मार्क ह्यूज या संशोधकाने ७० टक्के सांगणारे पाच छापील दाखले तपासले. एकाच्याही मागे भरवशाचा पुरावा निघाला नाही.

आता 'माणसांना बदल नकोच असतो'. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हारवुड कंपनीच्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी केलेला प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगारांना नगावर मजुरी होती. कामाची पद्धत बदलली की दर बदलायचा, हात बसेपर्यंत कमाई घटायची. एका गटाला बोलावून नवी पद्धत आणि नवा दर नुसता सांगितला. उत्पादन घसरलं ते वर आलंच नाही आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक नोकरी सोडून गेले. दुसरीकडे, ज्या गटांतल्या सगळ्यांना नवी पद्धत ठरवतानाच सामील करून घेतलं, तिथे कुणी गेलं नाही आणि उत्पादन आधीपेक्षाही वर गेलं. खरी गंमत पुढे आहे. पहिल्या गटातल्या उरलेल्यांना सुमारे अडीच महिन्यांनी पुन्हा नव्या कामावर टाकलं, पण या वेळी त्यांना विचारून. तेही भराभर सावरले. माणसं तीच होती, मग बदलाची भीती गेली कुठे?

आजच्या ऑफिसात घोडं पेंड खातं ते बहुतेक वेळा दुहेरी कामापाशी. विक्रीसाठी नवी प्रणाली येते. प्रत्येक ग्राहकामागे डझनावारी रकाने भरायचे. पण सोमवारच्या आढाव्यात साहेब मागतात ती जुनी एक्सेल शीटच, आणि टार्गेटमध्ये तर काडीचा फरक नाही. मग माणूस शीट मन लावून भरतो आणि प्रणालीत शुक्रवारी संध्याकाळी काहीतरी कोंबून मोकळा होतो. महिन्याभराने अहवाल येतो : 'कर्मचाऱ्यांचा विरोध'. विरोध कसला, ज्यावर पगारवाढ ठरते ते काम तो आधी उरकतो. जुनी शीट बंद करायचा अधिकार त्याच्याकडे नसतो, आणि ज्यांच्याकडे असतो त्यांना ती हवीच असते.

मधल्या मॅनेजरबद्दल फार बोलायला नको. वरून नवा बदल, खालून 'मग जुनं सोडू का?' हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर देण्याची मुभा नाही. तो वेळ काढतो, कारण मागच्या दोन मोहिमा अशाच विरून गेलेल्या त्याने पाहिलेल्या असतात.

राहता राहिला 'संवाद'. यात तथ्य आहे, पण अर्धंच. हारवुडच्या पहिल्या गटालाही बदलाचं कारण समजावून सांगितलं होतं. सांगितलं सगळं, विचारलं काही नाही. आपल्याकडचे टाउनहॉल (सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभा), पोस्टर आणि घोषवाक्यं छापलेले कॉफीचे मग याच जातीचे.

आणि हो, काही लोक खरोखर विरोध करतात. ज्याचं पदच नव्या रचनेत उरणार नाही, त्याने टाळ्या वाजवाव्यात ही अपेक्षा मला निर्लज्जपणाची वाटते. त्याने हिशेब बरोबर मांडलेला असतो. त्याच्याशी बोलायचं तर दुसऱ्या कामाबद्दल, मुदतीबद्दल, भरपाईबद्दल बोला. मानसिकतेच्या कार्यशाळेला बसवून त्याची नोकरी वाचणार नाही, हे त्याला कळतं.