नाशिकजवळच्या गिरणारे–धोंडेगाव सायकल राइडच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: ‘सौम्य चढ-उतार’ म्हणून सांगितलेल्या रस्त्यावर मांड्या भरून आल्या. दोनदा पंक्चर झालं आणि वर एका ट्यूबचे ३०० रुपये लावले. चढावर चेन पडली, मागच्या गिअरमधून टिकटिक येत होती. बोटं बधिर झाली आणि मागूनही जेल सीट दिली नाही. शिवाय पहाटे सव्वासहाला निघायचा हट्ट कशासाठी, असंही तुम्ही विचारलंय. हा रिव्ह्यू वाचून कुणी या रस्त्याकडे पाठ फिरवू नये असं आम्हाला मनापासून वाटतं, म्हणून उत्तर जरा लांबलंय.

आधी चढाचं बोलू. गंगापूर गाव मागे पडल्यापासून धोंडेगावापर्यंत घाट लागत नाही. बहुतेक चढ तीन-चार टक्क्यांचे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की तीन-चार मीटर वर. पाय जातात ते या चढांवर नाही, माळरानावरच्या पट्ट्यात. तिथे दोन्ही बाजूंना उघडं गवत, डोळ्यांना मापायला ना झाड ना भिंत, आणि रस्ता एक-दोन टक्क्यांनी सारखा वर सरकत असतो. दिसायला सपाट, म्हणून माणूस पुढच्या मोठ्या रिंगवरच (पॅडलजवळच्या मोठ्या दातेरी चाकावरच) राहतो आणि वेग का पडतोय या चिडीने जोर वाढवतो. ओळखायची खूण सोपी आहे: पॅडल मारणं थांबवा. सपाट रस्त्यावर सायकल बराच वेळ घरंगळत जाते, इथे लगेच मंदावते. वारा समोरचा नसेल तर तो चढच.

तुमच्या सायकलला पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन रिंग होत्या, मागे ११ ते ३२ दात्यांची आठ गिअरची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच. ताशी १२ किलोमीटर वेगाने चढताना पुढे ५० आणि मागे २४ ठेवलं तर पॅडल मिनिटाला ४५ वेळा फिरतं. पुढे ३४ आणि मागे २८ ठेवलं की त्याच वेगाला ७७ वेळा. काम तेवढंच, पण पहिल्या प्रकारात प्रत्येक फेऱ्याला मांडीवर जवळजवळ पावणेदोन पट जोर येतो. तुम्हीच लिहिलंय की ‘छोटी रिंग शेवटच्या चढासाठी राखून ठेवली होती’. ती राखून ठेवायची वस्तू नाही, सर. गिरणारेच्या अलीकडचा पहिला उंचवटा दिसला की तिच्यावर यायचं. ७० ते ८० फेऱ्यांची लय धरली तर हा सगळा रस्ता नव्या माणसालाही गप्पा मारत जाता येतो.

चेन पडण्याचं मूळही इथेच आहे. पाय अडकायला लागल्यावर, पूर्ण जोर देत असताना तुम्ही ५० वरून ३४ वर उतरवलंत. ताणलेली चेन मोठ्या रिंगवरून सुटते तेव्हा हिसक्याने आत जाते आणि छोट्या रिंगवर न बसता फ्रेमच्या बाजूला पडते. मागे सगळ्यात लहान चकती असेल तर चेन ढिली असते, तेव्हा हमखास. पद्धत अशी: चढ सुरू व्हायच्या आधी, पाय अजून हलके असताना, मागची चकती मधल्या १८ किंवा २१ वर आणायची. मग अर्धा फेरा पाय सैल सोडून पुढची रिंग बदलायची. तरीही पडलीच, तर खाली उतरून मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा) पिंजरा बोटाने पुढे ढकला म्हणजे चेन सैल होते. ती छोट्या रिंगच्या खालच्या दात्यांवर ठेवा आणि पॅडल हाताने उलटं फिरवा. जोर लावून पॅडल मारत बसलं की चेन फ्रेम आणि रिंगच्या फटीत रुतते आणि फ्रेमचा रंग जातो.

मागच्या गिअरमधून येणारी टिकटिक मात्र वेगळी गोष्ट. नवी केबल पहिल्या काही राइडमध्ये बसते, थोडी सैल पडते आणि चेन शेजारच्या चकतीला घासायला लागते. डिरेलरमध्ये केबल जिथे शिरते तिथलं गोल स्क्रू-टोपण मागून बघत घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवायचं, एक गिअर बदलून बघायचा, लागलंच तर आणखी पाव. तुमच्या सायकलची टिकटिक धोंडेगावला याच उपायाने थांबली.

आता पंक्चर. दोन्ही ट्यूब आम्ही जपून ठेवल्यात. पुढच्या ट्यूबला बाहेरच्या अंगाला सुईच्या टोकाएवढं एकच भोक आहे. हे सराट्याचं काम. पावसाळा संपला की साइडपट्टीवर सराटे पसरतात, आणि त्या फळाची घडणच अशी की कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो. फोटोसाठी सायकल डांबरावरून खाली घेतली की तो टायरमध्ये शिरतो, हवा मात्र कधी कधी दोन-तीन किलोमीटरनंतर जाते. नुसती ट्यूब बदलून भागत नाही. टायरच्या आतून फडकं फिरवावं लागतं, ते जिथे अडकेल तिथे काट्याचं टोक असतं. तुम्हाला वेळ लागलासा वाटला तो यातच गेला. ते टोक आत राहिलं असतं तर नवी ट्यूबही तिथेच गेली असती. या पंक्चरचे आम्ही पैसे घेतलेले नाहीत, कुणाकडूनच घेत नाही.

मागच्या ट्यूबला रिमच्या बाजूने दोन चिरा आहेत, शेजारी शेजारी, साप चावल्यासारख्या. खड्ड्याच्या कडेवर टायर रिमपर्यंत दबला आणि ट्यूब मध्ये चिमटली की असं होतं. तुमचं वजन ८२ किलो लिहून घेऊन २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे ८५ आणि पुढे ७८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलं होतं. ‘टायर दगडासारखे होते म्हणून गिरणारेला चहाच्या वेळी मागची थोडी हवा सोडली’ असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. या बारीक टायरमध्ये हवाच थोडी मावते, व्हॉल्व्ह दोन-तीन सेकंद दाबून धरला तरी दाब बराच खाली येतो. बोटाने दाबून फरक कळत नाही, गेज लावावं लागतं. ते गाइडच्या पिशवीत असतं, मागायला संकोच करू नका. दणके खरंच सोसत नसतील तर पाच-पाच पीएसआय कमी करू, त्याहून जास्त नाही. आणि खड्डा समोर आला की सीटवरून किंचित उठायचं, कोपर आणि गुडघे सैल ठेवायचे. चिमटलेल्या ट्यूबचे पैसे चालवणाऱ्याकडे, हा नियम निघताना तुम्ही सही केलेल्या कागदावर आहे आणि ३०० रुपये त्याचेच.

जेल सीट आम्ही ठेवतच नाही, आणि पुढेही ठेवणार नाही. पाऊण तासाच्या फेरीला ती मऊ वाटते. तीन तासांत बसायची हाडं तिच्यात रुततात, जेल मधोमध वर येतं आणि नेमकं जिथे दाब नको तिथे दाबतं. पॅडवाली सायकलिंग शॉर्ट्स घाला, आत दुसरं काही न घालता, कारण शिवण घासते. सीटची उंची अशी तपासा: टाच पॅडलवर ठेवून पॅडल सर्वात खाली आणलं की गुडघा जेमतेम सरळ व्हावा. मग प्रत्यक्ष चवड्याने चालवताना तो हलका वाकलेला राहतो. बोटं बधिर होतात ती कोपर ताठ ठेवून सगळा भार तळव्यांवर टाकल्याने. करंगळीच्या बाजूची नस दबते, म्हणून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधी जातं. दर दहा मिनिटांनी हात ब्रेकच्या हुडवरून (ब्रेकच्या मुठीवरच्या रबरी आवरणावरून) वरच्या आडव्या दांडीवर न्या आणि परत आणा. सीटचं नाक खाली झुकवून आराम मिळेल असं वाटतं, पण मग अंग पुढे घसरतं आणि हातांवरचा भार वाढतो.

पहाटेची वेळ मात्र बदलणार नाही. टोमॅटोच्या हंगामात गिरणारेच्या बाजारात क्रेट भरलेल्या पिकअप आणि ट्रॅक्टर येत राहतात, अरुंद रस्त्यावर त्यांच्या मागे-पुढे सायकल नको. ऑक्टोबरचं ऊनही साडेनऊनंतर माळरानावर अंगावर येतं, झाडं फक्त जंगलाच्या पट्ट्यात. पाण्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते इतरांनी जरूर वाचावं: गिरणारे सोडल्यावर दुकानाच्या भरवशावर राहू नका. दोन ७५० मिलीच्या बाटल्या घ्या, एकीत लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ. तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट घ्या आणि तासाला एक केळं किंवा राजगिऱ्याची चिक्की खा.

तुमची सीटची उंची आम्ही नोंदवून ठेवली आहे. परत येणार असाल तर दोन दिवस आधी कळवा. मागे ११ ते ३४ ची कॅसेट बसवून, लागली तर चेनही लांब करून ठेवतो, म्हणजे शेवटच्या गिअरला पुढे ३४ आणि मागेही ३४ मिळतील. निघण्याआधी अर्धा तास दुकानासमोरच्या गल्लीत गिअर बदलायचा सराव करून घेऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत.