कर्ज ३० वर्षांचं, व्हिसा ३ वर्षांचा

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत येऊन दोन वर्षं झाली आणि अजून भाड्याच्याच अपार्टमेंटमध्ये? कमाल आहे तुमची! भाडं म्हणजे पैसे पाण्यात, हे पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, भेटणारा तो मित्र कळकळीने सांगतोय. त्याच्याकडे घरं विकायचं लायसन्सही आहे. ऐका त्याचं.

व्हिसा एका वेळी फार तर ३ वर्षांचा, कर्ज ३० वर्षांचं. हा हिशेब मनात आणायचाच नाही. ग्रीन कार्ड येईलच की! वर्षाच्या कार्डांपैकी एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांच्या वर नाहीत, एवढंच; आणि रांगेत पुढे आपलीच माणसं आहेत, परकं कोण आहे?

डाउन पेमेंटला २० टक्के जमत नाहीत? कर्ज बुडायची धास्ती बँकेला, त्या धास्तीचा विमा भरायचा तुम्ही. पूर्वी सरकारी हमीच्या एफएचए कर्जाचा आधार होता. मे २०२५ पासून तात्पुरत्या व्हिसावाल्यांना तोही बंद. बरंच झालं, एक फॉर्म भरायचा वाचला.

सह्यांच्या दिवशी कागद वाचत बसू नका, असभ्य दिसतं. गठ्ठा वीतभर असतो. समोरची बाई गोड हसून चिकटचिठ्ठ्या दाखवते, तिथे तिथे सही ठोकत सुटायचं. चाळिसाव्या सहीला स्वतःचंच आडनाव अनोळखी वाटू लागतं. मग दारासमोर किल्ली नाचवत फोटो, तो लगेच घरच्या ग्रुपवर. प्रॉपर्टी टॅक्स आणि एचओएची, म्हणजे तिथल्या सोसायटीची, वर्गणी फोटोत येत नाही. पुढे रोज रात्री झिलो या घरांच्या वेबसाइटवर आपल्याच घराची किंमत बघायची. चढली तर आपली हुशारी, उतरली तर त्यांचं अल्गोरिदम गंडलेलं.

नोकरी गेली तर? शुभ बोला हो! गेलीच, तर ६० दिवसांपर्यंत देशात राहायची मुभा असते. तेवढ्यात नवी कंपनी गाठायची, नाहीतर घर विकायचं. गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर होण्यातच महिना-दीड महिना जातो, ते सोडा. भारतात परतून सावकाश विकलंत, तर मालक परदेशी म्हणून खरेदीदार १५ टक्क्यांपर्यंत रक्कम कापून टॅक्स खात्याकडे भरू शकतो. नफ्यातली नव्हे, किमतीतली. जास्तीचे पैसे रिटर्न भरल्यावर परत मिळतात. वाट बघायची सवय तुम्हाला आहेच.

लॉनमोअर मात्र चांगल्यातला घ्या. घर विकायला काढलंत की पॉटलकवाला मित्र कमिशनबरोबर तोही घेऊन जाईल.