गर्भपाताच्या गोळ्या: आधी धोका मोजा, मग नियम करा

गर्भपात योग्य की अयोग्य, यावर माणसांची मतं वेगळी असणारच. धर्म, संस्कार, स्वतःवर आलेला प्रसंग यांतून ती घडतात, आणि त्यांचा निकाल प्रयोगशाळेत लागत नाही. पण एखादं औषध किती सुरक्षित आहे, हे मोजून सांगता येतं. गर्भपाताच्या गोळ्यांच्या बाबतीत ते मोजून झालेलं आहे, अनेक देशांत आणि अनेकदा. तरीही कित्येक सरकारं पहिल्या प्रश्नावरचं आपलं मत दुसऱ्या प्रश्नाच्या आडून नियमांत घुसवतात, वर 'बायकांच्या सुरक्षेसाठी' असं लेबल लावतात. मला चीड येते ती या लेबलाची. विरोध करायचा तर उघड करा, सुरक्षेचं नाव पुढे करू नका.

मी फार्माकॉलॉजी शिकवते, म्हणून आधी औषधाबद्दल. गोळ्या दोन प्रकारच्या असतात. पहिली मिफेप्रिस्टोन. गर्भ टिकण्यासाठी शरीराला प्रोजेस्टेरॉन लागतं, आणि ही गोळी त्याचीच जागा अडवते. त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर सुटू लागतं. एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल घ्यायचं. त्याने कळा येतात, रक्तस्राव होतो आणि पिशवी रिकामी होते. आपोआप गर्भपात होतो तेव्हा शरीरात जे घडतं, त्याच्याशी हे बरंचसं जुळतं. आपोआप झालेला गर्भपात अर्धवट राहिला, तर डॉक्टर क्युरेटिंगऐवजी मिसोप्रोस्टॉल देऊ शकतात. मिसोप्रोस्टॉल तर मुळात पोटाच्या अल्सरसाठी आलेलं औषध.

मिफेप्रिस्टोनला फ्रान्समध्ये १९८८ साली परवानगी मिळाली, अमेरिकेत २००० साली. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने सुरुवातीला ६०० मिलिग्रॅमचा डोस, सात आठवड्यांची मर्यादा आणि दवाखान्याच्या अनेक फेऱ्या असं सगळं घालून दिलं. नवं औषध होतं, तेव्हा ती सावधगिरी समजण्यासारखी होती. पुढे अनुभव साठत गेला, तसा २०१६ मध्ये डोस २०० मिलिग्रॅमवर आणला, मर्यादा दहा आठवड्यांपर्यंत नेली आणि फेऱ्या कमी केल्या. शास्त्रावर आधारलेलं धोरण म्हणतात ते हेच. माहिती नव्हती तोवर बंधन, माहिती आली की बंधन सैल. २०२२ च्या अखेरपर्यंत अमेरिकेत सुमारे ५९ लाख स्त्रियांनी हे औषध घेतलं होतं, आणि त्या सगळ्या काळात एफडीएकडे ३२ मृत्यूंची नोंद झाली. त्यांतला प्रत्येक मृत्यू गोळीमुळेच झाला असंही म्हणता येत नाही, असं एफडीए स्वतः सांगतं.

एक आक्षेप मात्र मी नेहमीच गांभीर्याने घेत आले. सोनोग्राफी न करता गोळ्या दिल्या, तर गर्भनलिकेत राहिलेला गर्भ लक्षात येणार नाही आणि बाईच्या जिवावर बेतेल. नलिकेतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत आणि नलिका फुटली तर आतल्या आत रक्तस्राव होतो, म्हणून ही भीती पोकळ नव्हती. ती मोजून पाहण्यासारखी होती, आणि ब्रिटनमध्ये ती मोजली गेली. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, तिथे फोनवर सल्ला घेऊन दोन्ही औषधं घरी घ्यायला परवानगी मिळाली. त्याआधीचे आणि नंतरचे मिळून ५२,१४२ गर्भपात संशोधकांनी तपासले. नलिकेतल्या गर्भाचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, ०.२ टक्के. गंभीर गुंतागुंती दोन्हीकडे अगदी नगण्य. फरक पडला तो वेळेत. वाट पाहण्याचा काळ सरासरी ४.२ दिवसांनी कमी झाला, आणि सहा आठवड्यांच्या आत गर्भपात झालेल्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलं. गर्भपात जितका लवकर, तितका कमी त्रास, हे प्रसूतितज्ज्ञ तुम्हाला सांगतीलच. म्हणजे ज्या नियमाला संरक्षण म्हटलं जात होतं, तो प्रत्यक्षात उशीर करत होता. मार्च २०२२ मध्ये ब्रिटिश संसदेने ही सोय कायम ठेवण्याच्या बाजूने २१५ विरुद्ध १८८ मतांनी कौल दिला. फरक मोठा नव्हता, पण आकडे समोर ठेवून मतदान झालं. मला तेच हवं आहे.

कॅनडाचं थोडक्यात. तिथे २०१७ च्या अखेरीस मिफेप्रिस्टोनवरची खास बंधनं काढली आणि ते इतर औषधांसारखंच चिठ्ठीवर मिळू लागलं. 'गोळ्या सोप्या केल्या की गर्भपात वाढतील' हे भाकीत ओंटारियो प्रांताच्या आकडेवारीत खरं ठरलं नाही. गर्भपातांचा दर वाढला नाही, गंभीर गुंतागुंतीही वाढल्या नाहीत.

आता उलट्या दिशेने चाललेल्यांबद्दल. २०२३ मध्ये टेक्सासमधल्या एका न्यायाधीशांनी मिफेप्रिस्टोनची मंजुरीच स्थगित करायचा आदेश दिला. त्या आदेशात ज्या अभ्यासांचा आधार घेतला होता, त्यांतले दोन प्रकाशकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मागे घेतले, कारण मांडणीत आणि विश्लेषणात गंभीर दोष होते. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते प्रकरण निकाली काढलं, पण वादींना दावा लावण्याचा अधिकारच नाही एवढ्याच मुद्द्यावर. औषधाच्या सुरक्षिततेवर न्यायालय काही बोललंच नाही, त्यामुळे दार उघडंच राहिलं.

त्या दारातून एप्रिल २०२५ मध्ये एक नवा आकडा आला. १०.९३ टक्के स्त्रियांना गंभीर दुष्परिणाम होतात म्हणे. औषधासोबतच्या माहितीपत्रकात अर्ध्या टक्क्याहून कमी, आणि इथे जवळजवळ अकरा! वॉशिंग्टनच्या एथिक्स अँड पब्लिक पॉलिसी सेंटर या संस्थेचा हा अहवाल आहे. तो कुठल्याही नियतकालिकात तज्ज्ञांच्या परीक्षणातून गेलेला नाही, आणि प्रसिद्ध करताना विम्याच्या दाव्यांचा साठा कुठून घेतला तेही सांगितलेलं नव्हतं. मोजणी कशी केली ते पाहिलं की आकडा का फुगला ते कळतं. आपत्कालीन विभागातल्या भेटी त्यात धरल्या आहेत. मध्यरात्री रक्तस्राव पाहून घाबरलेली बाई रुग्णालयात जाते, डॉक्टर तपासतात, सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवतात. तिची भेट कशात धरायची? काळजी म्हणून केलेली चौकशी आणि गंभीर इजा यांत फरक करता येत नसेल, तर मोजणीला अर्थ नाही. नलिकेतला गर्भही यादीत आहे, जो गोळी घेण्याआधीपासूनच तिथे असतो. माझ्या विद्यार्थ्याने अशी मोजणी केली असती तर मी त्याला पुन्हा करायला लावली असती. पण अशा आकड्याचा दाखला देत अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी औषधाचा संपूर्ण आढावा घ्यायला सांगितलं. आढाव्याला माझी हरकत नाही, कुठल्याही औषधाचा तो होत राहावा. पण शंभराहून जास्त अभ्यास एका पारड्यात आणि एक न तपासलेला अहवाल दुसऱ्यात, आणि तरी काटा दुसऱ्याकडे झुकत असेल, तर वजन कशाचं केलं जातंय ते विचारायला हवं.

लुइझियानाने तर या दोन्ही गोळ्या ऑक्टोबर २०२४ पासून नियंत्रित औषधांच्या यादीत घातल्या, डायझेपाम या चिंता कमी करणाऱ्या गोळीच्या पंगतीला. ती यादी व्यसन लागू शकणाऱ्या औषधांसाठी आहे. मिफेप्रिस्टोनचं किंवा मिसोप्रोस्टॉलचं व्यसन कुणालाही लागत नाही. परिणाम कुठे झाला पाहा. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर मिसोप्रोस्टॉल द्यावं लागतं, आणि तिथे मिनिटं मोलाची असतात. म्हणून बाळंतिणीच्या खाटेजवळच्या ट्रॉलीत ते हाताशी ठेवलेलं असे. आता रुग्णालयांना ते तिथून काढून कुलपात ठेवावं लागलं. जी बाई मूल जन्माला घालतेय, तिच्याही जिवाशी हा खेळ आहे.

आपल्याकडचा कायदा कागदावर बऱ्याच देशांपेक्षा उदार आहे. १९७१ पासून गर्भपात कायदेशीर आहे, गोळ्यांना २००२ पासून मान्यता आहे, आणि नऊ आठवड्यांपर्यंत नोंदणीकृत डॉक्टर त्या देऊ शकतात. प्रत्यक्षात काय होतं? लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासानुसार २०१५ मध्ये देशात सुमारे १.५६ कोटी गर्भपात झाले, आणि त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. म्हणजे कायद्यातला डॉक्टर बहुतेकींच्या वाट्याला आलाच नाही. गोळी मिळाली, सल्ला मिळाला नाही. दर तासाला दोन किंवा जास्त पॅड पूर्ण भिजताहेत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर लगेच रुग्णालय गाठायचं, हे एक वाक्य तिला कुणी सांगितलं का? ताप उतरत नसेल तर, एका बाजूला जोराची कळ येऊन चक्कर आली तर काय करायचं, ते सांगितलं का? जीव वाचतो तो या वाक्यांनी.

यावर आपल्या यंत्रणेचं उत्तर काय, तर औषधविक्रेत्यांवर धाक. लिंगनिदानाविरुद्धची मोहीम गरजेची आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण सोनोग्राफीत लिंग कळतं ते साधारण बारा-तेरा आठवड्यांनंतर, आणि या गोळ्या आहेत नऊ आठवड्यांपर्यंतच्या. दोन्ही गोष्टी एका फासात अडकवल्यामुळे कटकट नको म्हणून कित्येक दुकानदार गोळ्या ठेवतच नाहीत. मग चिठ्ठी असलेली बाईही रिकाम्या हाताने परतते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या मुख्य यादीत घेतली आणि 'कडक वैद्यकीय देखरेख हवी' ही जुनी अट काढून टाकली. नेपाळमधला अभ्यास २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. तिथे प्रशिक्षित नर्स आणि सहायक परिचारिकांनी दिलेल्या गोळ्यांनी ९७.३ टक्के गर्भपात पूर्ण झाले, डॉक्टरांच्या हातून ९६.१ टक्के. आपल्याकडे गर्भपात कायद्यातल्या दुरुस्तीच्या २०१४ च्या मसुद्यात नर्सना ही परवानगी देण्याचा प्रस्ताव होता. २०२१ मध्ये कायदा बदलला तेव्हा काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली, पण नर्सचा मुद्दा गळाला. उपकेंद्रात बसणारी, गावातल्या बायकांना नावानिशी ओळखणारी एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका, गोळ्या देऊ शकली, कधी घाबरायचं आणि कधी नाही ते सांगू शकली, आणि गरज पडली तर तिच्या फोनवर रुग्णवाहिका आली, तर त्या ७३ टक्क्यांतल्या कितीतरी जणींना आज नाही ती सोबत मिळेल. नेपाळचे आकडे २०११ पासून समोर आहेत. आरोग्य मंत्रालयाने तो २०१४ चा प्रस्ताव पुन्हा बाहेर काढावा.