टायमिंग बेल्ट तुटल्यावर धक्का मारू नका

‘कात्रज घाटात टायमिंग बेल्ट तुटून गाडी बंद पडली तर दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारा, चालू होते’ असा मेसेज फिरतोय. हे साफ चूक आहे. टायमिंग बेल्ट म्हणजे कॅम (व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा) फिरवणारा पट्टा. तो तुटला की कॅम थांबतो. बहुतेक डिझेल इंजिनांत मग वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटून तो वाकवतो. धक्का मारला की उरलेले व्हॉल्व्हही जातात. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरला तर तिथेच थांबा, टोइंग बोलवा.

परवा नाना पेठेत आमच्यासमोर एका गाडीच्या बेल्टचं कव्हर काढलं. बेल्टचे सात-आठ दात सपाट, शेजारी वॉटर पंपाच्या गळतीचा हिरवट डाग. नुसता बेल्ट टाकून भागत नाही. बेल्टच्या पुल्यांवरच्या खुणा जुळवून आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायला सांगा, हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग) उघडायचं का ते त्यावर ठरतं. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपही सोबतच बदला.