खांद्याला तारीख

सोलापुरात डॉक्टरांचा तुटवडा आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला होटगी रोडला नेऊन सोडावं. हाडांचे, हृदयाचे, मेंदूचे, मूत्रपिंडाचे डॉक्टर ओळीनं मिळतील, आणि पाट्या वाचता वाचता मान दुखायला लागली तर मानेचेही मिळतील. 1963 पासून गावात मेडिकल कॉलेज आहे, म्हणजे आमच्याकडे डॉक्टर नुसते राहत नाहीत, तयारही होतात. धाराशिव, पंढरपूर, मंगळवेढा तर सोडाच, पलीकडच्या विजयपूर-कलबुर्गीहूनही लोक गाड्या भरभरून इथं उपचाराला येतात. अडचण एवढीच की हे सगळे डॉक्टर एका दाराच्या आत असतात आणि आपण बाहेर. मधे एक टेबल असतं.

माझा उजवा खांदा आखडलाय हे मला कळलं ते गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आमच्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत, 14 जानेवारीला. सिद्धेश्वर तलावाकाठी संमती कट्ट्याजवळ, जिथं देवाचं लग्न लागतं तिथं, नेहमीसारखी ही गर्दी. सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, येऊन थांबले, ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’चा गजर झाला, हजारो हात वर गेले. माझा हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. मुठीतल्या अक्षता सिद्धरामेश्वरांकडे जाण्याऐवजी पुढच्या गृहस्थांच्या कॉलरमध्ये गेल्या. ते सावकाश मागं वळून म्हणाले, “ओ मालक, लगीन माझं न्हाई.”

त्यानंतर घरगुती उपाय झाले. तेल झालं, गरम पाण्याची पिशवी झाली, शेजारच्या अण्णांनी आणून दिलेला निर्गुडीचा पाला झाला. शर्ट घालताना मी एक बाही चढवून दुसरीसाठी गोल गोल फिरतोय हे बघून एक दिवस ही म्हणाली, “अहो, डॉक्टरांना दाखवा एकदा.” इतक्या सहज म्हणाली, की मलाही ते सहज वाटलं.

आमच्या लहानपणी ते सहजच असायचं. नवी पेठेतल्या एका बोळात आमचे डॉक्टर बसायचे. जायचं, बाकावर टेकायचं, पुढचा उठला की सरकायचं. कंपाउंडर बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून लाल औषध द्यायचा. ते औषध कशाचं होतं हे देवालाच ठाऊक, पण त्यासाठी नंबर लावावा लागत नसे.

आताचा नंबर फोनवर, सकाळी आठ ते नऊ. आठला मिनिटभर कमी असताना फोन केला, तर “आठनंतर करा” म्हणून ठेवून देतात. आठ वाजून गेल्यावर केला, की लाइन व्यस्त. पावणेनऊपर्यंत व्यस्त. नऊच्या तोंडावर तो लागतो आणि पलीकडून एक मुलगी अतिशय गोड आवाजात सांगते, “आजचे नंबर संपले.”

“मग उद्याचा द्या की.”

“उद्याचा उद्या, काका.”

रेल्वेचं तत्काळ बरं. ते अकराला उघडतं, अकरा वाजून दोन मिनिटांनी संपतं, पण निदान वेटिंग लिस्टमध्ये तरी घालतं. माणसाला वाटतं, आपण कुठंतरी आहोत. इथं आपण कुठंच नसतो.

आमच्या घरात सकाळी आठची वेळ तशीही धोक्याची. हिचं ब्लाउज शिवण्याचं काम बाहेरच्या खोलीत चालतं. संक्रांतीपासून लग्नसराईपर्यंत कापडाच्या पिशव्यांवर पिशव्या. मी आत फोन कानाला लावून “लाइन व्यस्त आहे” ऐकतोय आणि बाहेर दारात उभ्या असलेल्या बायकांना ही सांगतेय, “सोमवारी बघा हं, नक्की.” कुठला सोमवार, हे ती कधीच सांगत नाही. धंद्याचं ते गुपित आहे.

त्यात आमच्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड. पाणी यायच्या दिवशी सोलापुरात लग्नसुद्धा उरकून घेतात. उजनीचं पाणी आणि डॉक्टरांचा फोन यांचं आपसात काहीतरी ठरलेलं असावं, कारण आठला पहिल्याच फटक्यात फोन लागला तो नेमका पाण्याच्या दिवशी. डाव्या हातात मोबाइल. उजव्या हातात पाइप, तो बॅरलच्या काठावरून निसटलेला. अंगणात तळं व्हायला लागलं.

“अहो, पाइप वर धरा!” ही ओरडली.

“वर जात नाही!” मी ओरडलो.

“काय वर जात नाही?” फोनमधून आवाज आला.

“हात! हात वर जात नाही!”

“मग हाडाच्या डॉक्टरांना दाखवा ना, काका.”

“अहो, तिथंच तर फोन लावलाय!”

पलीकडे जरा शांतता. मग कागद उलटल्याचा आवाज. तेवढ्यात ओला मोबाइल हातातून सुटला तो सरळ बॅरलमध्ये. पुढचा दिवस तो तांदळाच्या डब्यात होता, आणि त्या दिवशीचे नंबर, मला खात्री आहे, खूप शिल्लक होते.

असं काही झालं की सोलापूरकर एकच सल्ला देतो. ‘ओळख काढा.’ आमच्या शाळेतले वर्मावर बोट ठेवणारे सहकारी म्हणाले, “क्लार्क असून फोन काय करत बसलाय बे? माणूस शोध.” शोधला. त्यांच्याच साडूच्या शेजाऱ्याचं दवाखान्याच्या खाली मेडिकल. थेट तिथं जाऊन उभा राहिलो. दुकानदार फार दिलदार. गोळ्यांची पट्टी कापत म्हणाले, “डॉक्टर म्हणजे घरचाच माणूस. कधीपण जावा वर. माझं नाव सांगा फक्त.”

वर गेलो. नाव सांगितलं. टेबलामागच्या मुलीनं पेनानंच बाकांकडे खूण केली. “ते तिघं, खिडकीजवळच्या आजी आणि ते पेपर वाचतायत ते, सगळे त्यांचंच नाव सांगून आलेत. बसा तुम्हीपण.”

त्यांच्या रांगेत बसण्यात अर्थ नव्हता. खिडकीजवळच्या आजींनी मात्र गुरुकिल्ली दिली. पहाटे वॉचमनकडे एक वही असते, तिच्यात स्वतःच्या हातानं नाव लिहायचं. म्हणजे फोन हा फक्त परगावच्या आणि भोळ्या लोकांसाठी. दुसऱ्या दिवशी अंधारात स्कूटर काढली. वहीत नाव लिहायला गेलो तर माझ्या आधी छत्तीस माणसं. ही माणसं दुखणं घेऊन झोपतात तरी कधी? सदतिसावा नंबर घेतला आणि चहाच्या टपरीवर दिवस उजाडायची वाट बघत बसलो.

डॉक्टर दहाला येणार होते. साडेदहाला कळलं की ते ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत. साडेअकराला कळलं की ओटीतून निघाले, राउंडला आहेत. बाराला एक गाडी खाली थांबली, सगळा हॉल उभा राहिला, आणि तिच्यातून पाण्याचे जार उतरले.

पण हॉल म्हणावा तर तो आमचा! एका बाकावर “एष्टु नंबर?” म्हणून विचारणारी अक्कलकोटकडची अव्वा, तिच्या शेजारी “येन्नो नंबर?” विचारणारे पूर्व भागातले यंत्रमागवाले अण्णा, समोर “अजून कित्ता टाइम लगता की” म्हणत उसासे टाकणारे चाचा. प्रश्न सगळ्यांचा एकच. तिघांनाही टेबलावरची ती मुलगी ज्याच्या त्याच्या भाषेत सांगायची, की तुमचा नंबर अजून आलेला नाही. एवढ्या भाषांत इतकं स्वच्छ ‘नाही’ ऐकायला सोलापुरातच जन्माला यावं लागतं.

आता नऊनंतर दहा येतो हे शाळेत शिकलेलं गणित दवाखान्यात चालत नाही. नऊनंतर ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय’ येतात. हे लोक नंबर कधीच लावत नाहीत. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट धरून ते दाराला खेटून उभे राहतात आणि दार फटीएवढं उघडलं की आत विरघळतात. मग वीस मिनिटं बाहेर येत नाहीत. रिपोर्ट दाखवतात की वाचून घेतात, कोण जाणे. त्यांच्यानंतर चकचकीत बुटांचे, जड बॅगांचे, औषध कंपन्यांचे एमआर. त्यांना काहीच झालेलं नसतं, तरी ते आपल्या आधी आत जातात. मग डॉक्टरांच्या सासूबाईंच्या ओळखीच्या एक बाई. मग दहा नंबर.

बसून बसून मला कोटणीस आठवले. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या या गावचे, जन्म 1910चा. चीनवर जपाननं हल्ला केला तेव्हा पाच भारतीय डॉक्टरांचं पथक तिकडे गेलं, 1938 साली, त्यात हे होते. एका लढाईत ते सलग 72 तास ऑपरेशनं करत होते म्हणतात. 1942 मध्ये तिथंच गेले, वय अवघं 32. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, चीनचे पाहुणे आले की मुद्दाम तिथं जातात. माणूस खराच मोठा, त्याबद्दल थट्टा नाही. पण त्या बाकावर बसून मनात आलं ते आलंच, की त्या चिनी शिपायांना आघाडीवर पडल्या पडल्या सोलापूरचा डॉक्टर मिळाला. मी तर गावातल्याच सात रस्ता चौकावरून आलोय. आणि 72 तास जागायची परंपरा गावानं सोडलेली नाही, फक्त आता ती पेशंटकडे आली आहे.

दोनच्या सुमाराला पस्तीस आत गेला. टेबलावरच्या मुलीनं मला बोलावलं, केसपेपर काढायला. नाव सांगितलं. वय सांगितलं. बीपी, शुगर सांगितलं.

“पत्ता?”

“मुरारजी पेठ. पिठाच्या गिरणीसमोरची गल्ली.”

तिनं पेन खाली ठेवलं. “म्हणजे ब्लाउजवाल्या काकूंची गल्ली?”

काय सांगू, खांदा सोडून सगळं अंग हलकं झालं. इतके दिवस जी ओळख मी साडू आणि मेडिकलवाल्यांत शोधत होतो, ती माझ्याच घरात मशीनवर बसली होती! छाती पुढं काढून म्हणालो, “त्या माझ्या मिसेस.”

“अस्सं.”

हा ‘अस्सं’ मला आधी कळला नाही.

“मोरपंखी ब्लाउज,” ती म्हणाली. “अक्षतेच्या दिवशी घालायचा होता. संक्रांत गेली. रथसप्तमी गेली. महाशिवरात्र गेली. दर सोमवारी फोन करते, काकू फोन उचलत नाहीत. उचलला तर म्हणतात, सोमवारी.” मग तोच तो अतिशय गोड आवाज लावून म्हणाली, “बसा काका. बोलावते.”

छत्तीस आत गेला. बाहेर आला. मी उठलो. अडतीस आत गेला.

“अहो, माझा सदतीस...”

“तुमच्या केसपेपरवर शिक्का राहिलाय, काका. एकोणचाळीस!”

हॉलच्या कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. व्यस्त. परत लावला. व्यस्त. शेवटी मुलाच्या मोबाइलवर केला आणि हिला बोलावून घेतलं. सगळं ऐकून ही म्हणाली, “मोरपंखी ना? झालाय हो तो. हुक राहिलेत फक्त.” ज्या सुरात लोक ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय’ म्हणतात, अगदी तोच सूर. पण बाईनं वेळ ओळखली. चाळीस आणि एकेचाळीस आत जाऊन येईपर्यंत मुलगा धापा टाकत जिना चढून आला. पिशवी टेबलावर गेली. मुलीनं आत बोट घालून रंग बघितला, पिशवी खणात ठेवली आणि शिक्का मारला.

“सदतीस!”

मागून एक गृहस्थ चवताळून म्हणाले, “सदतीस कसा? एकेचाळीस झाला की आत्ताच!” तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

डॉक्टर अगदी शांत माणूस. बाहेर चाललेल्या कुठल्याच लढाईची त्यांना खबर नसावी. हात वर करा म्हणाले. जात नाही म्हणालो. त्यांनी स्वतः उचलून बघितला, तरी गेला नाही. मग कागदावर खांद्याचा सांधा काढून दाखवला. त्याभोवतीचं आवरण आखडतं, फ्रोझन शोल्डर म्हणतात त्याला, चाळिशी-पन्नाशीत होतो, शुगर असली की जास्तच होतो. आधी दुखतो, मग दुखणं कमी होऊन नुसता अडकून बसतो, मग हळूहळू सुटतो.

“किती दिवसांनी?”

“दिवस नाही हो. वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. भिंतीसमोर उभं राहून बोटं वर वर चढवत न्यायची, रोज. घाई करून चालत नाही. सैल होतो आपोआप.”

दोन वर्षं म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की या हिशेबानं मला नंबर फारच तातडीनं मिळाला होता.

गोळ्यांची चिठ्ठी घेऊन बाहेर आलो तर टेबल रिकामं. थोड्या वेळानं ती मुलगी आतल्या खोलीतून आली, पिशवी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, “काका, काकूंना सांगा, मुंढ्यात घट्ट झालाय. हात वर जात नाही.”

पिशवी डाव्या हातात घेऊन घरी आलो. हिनं तोंडातल्या टाचण्या न काढताच ब्लाउज उलटा केला, शिवण ओढून बघितली आणि परत घडी घातली.

“कापड नवं आहे,” ती म्हणाली. “घाई करून चालत नाही म्हणावं तिला. घालून घालून होतो सैल.”