सरप्लस पॉइंट टू टू मॅच रायफल म्हणजे भंगार? त्या मेसेजमधला एकेक मुद्दा बघू

इथे अमेरिकेत मराठी पालकांच्या ग्रुप्समध्ये एक मेसेज सारखा फिरतोय आणि आता तो इतक्या जणांनी पुढे ढकललाय की लोक त्यालाच नियम समजायला लागलेत. विषय सरप्लस, म्हणजे सरकारी साठ्यातून विकायला काढलेल्या, पॉइंट टू टू (०.२२ इंच कॅलिबरच्या) मॅच म्हणजे स्पर्धेच्या रायफलींचा. त्यात पाच गोष्टी आहेत: सरप्लस रायफल म्हणजे सैन्याने वापरून टाकून दिलेला माल, पॉइंट टू टूचं बॅरल दहा हजार गोळ्यांत संपतं, घ्यायचीच असेल तर ५० फुटांवर पाच गोळ्या मारा आणि त्या एका डाइमच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या तर रायफल पास, महागातली गोळी घातली की जुनी रायफल पण नव्यासारखी चालते, आणि सीएमपीकडून (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम, सरप्लस रायफली विकणारी अमेरिकन संस्था) तर कुणालाही घरपोच मिळते. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायची रायफल स्पर्धा) ब्राँझ घेतल्यापासून मुलांना ज्युनिअर क्लबात घालायचंय म्हणून विचारणारे खूप वाढलेत, आणि असा मेसेज वाचून ते एकतर घाबरून सगळं सोडून देतात नाहीतर पहिल्याच वर्षी नवीन जर्मन रायफलवर पैसे ओततात. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, टाकून दिलेला माल. सगळ्या सरप्लसला एकच शिक्का मारून कसं चालेल? किंबर ८२ गव्हर्नमेंट बघा, ओरेगनच्या जुन्या किंबर कंपनीने १९८० च्या दशकाच्या शेवटी खास टार्गेट शूटिंगसाठी अमेरिकन आर्मीला बनवून दिलेली सिंगल शॉट रायफल, ती लढाईसाठी नव्हतीच, आणि पुढे सीएमपीतून विकली गेली तेव्हा कित्येकांना जवळजवळ न वापरलेली मिळाली. रेमिंग्टन ४०एक्स किंवा एच अँड आर एम १२ यांचं वेगळं आहे, त्या क्लबांत आणि शाळांच्या रायफल टीम्समध्ये वर्षानुवर्षं मुलांच्या हातात होत्या, तिथे दस्त्यावर ओरखडे असणारच, पण ओरखड्यांनी गोळी वाकडी जात नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक अडचण मात्र मी सांगतो, सुटे भाग. ती जुनी किंबर कंपनी बंद पडली आणि आजची किंबर वेगळी, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टर (उडालेल्या काडतुसाचं रिकामं आवरण बाहेर ओढणारा भाग) मोडला तर शोधाशोध होते. अ‍ॅन्शुट्झ या जर्मन कंपनीच्या ५४ अ‍ॅक्शनला (अ‍ॅक्शन म्हणजे काडतूस आत घेऊन उडवणारा रायफलचा मधला भाग) हा त्रास खूप कमी. आणि साइट्स (नेम धरायची साधनं) सोबत आहेत का ते आधी विचारा, कारण चांगली मागची अ‍ॅपर्चर साइट आणि पुढची साइट वेगळी घ्यायला गेलात तर स्वस्त रायफल स्वस्त राहत नाही.

आता बॅरल. हा दहा हजारचा आकडा मोठ्या सेंटरफायर, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसाच्या, रायफलींवरून उचलून इथे चिकटवलाय असं मला वाटतं. पॉइंट टू टूमध्ये ४० ग्रेनची मऊ शिशाची गोळी, दारू अगदी चिमूटभर, प्रेशर कमाल २४ हजार पीएसआयच्या आसपास, तेच पॉइंट टू टू थ्री रेमिंग्टन या सेंटरफायर काडतुसाला ५५ हजार. मॅचची गोळी आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाते. अशा बॅरलला दहा हजार गोळ्या म्हणजे काहीच नाही, नियमित सराव करणारा शूटर एक-दोन वर्षांत तेवढ्या उडवतो. जुनं बॅरल खराब होतं ते बहुतेक वेळा माणसाच्या हाताने, वाकडा क्लीनिंग रॉड तोंडाकडून घालून घालून क्राउन (बॅरलच्या तोंडाची कड) घासला जातो, नाहीतर ओलाव्यात ठेवून आत गंज धरतो. हे तपासायला मशीन लागत नाही. कानात घालायची कापसाची काडी घ्या, बॅरलच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून बाहेरच्या दिशेने हळूच ओढा, चारही बाजूंनी, जिथे कापसाचे धागे अडकतील तिथे बर, म्हणजे धातूचा खरखरीत उंचवटा, आहे. मग नुसती शिशाची गोळी (अख्खं काडतूस नव्हे) रॉडने हळू ढकलत बॅरलमधून पार न्या, हाताला कळतं कुठे घट्ट आहे आणि कुठे एकदम सैल पडते. मध्येच सैल जागा लागली तर मी ती रायफल घेणार नाही, विकणारा कितीही गोड बोलला तरी.

चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) कड पण बघा. रिकामी रायफल खूप वेळा फायर केली असेल तर पिन त्या कडेवर आपटून खळगा पडलेला असतो, काडतूस एका जागी अडतं किंवा उडालेल्या काडतुसाचं रिकामं आवरण ओढून काढावं लागतं. आणि ट्रिगर, रिकामी रायफल कॉक करून बोल्ट जोरात बंद करा, मग बट (दस्त्याचं मागचं टोक) रबराच्या मॅटवर ठोका. पिन सुटली तर ती रायफल गनस्मिथने बघेपर्यंत मुलाच्या हातात द्यायची नाही, इथे तडजोड नको.

नाण्याची टेस्ट हा त्या मेसेजमधला सगळ्यात फसवा मुद्दा आहे. डाइम साधारण १८ मिमीचं, गोळी ५.६ मिमीची, म्हणजे नाण्याखाली झाकलेल्या ग्रुपमध्ये (भोकांच्या पुंजक्यात) भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १२ मिमी अंतर असू शकतं. ५० फूट म्हणजे १५ मीटर, तोच पसारा ५० मीटरवर निदान ४० मिमी होतो. ऑलिम्पिकच्या ५० मीटर टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी आहे आणि गोळीची कड लागली तरी दहा मिळतात, म्हणजे ग्रुप अगदी मध्यावर बसला तर १६ मिमीपर्यंत सगळे दहा. ४० मिमीमध्ये कडेच्या गोळ्या आठवर जातात. म्हणजे ही रायफल पास कशी काय? शिवाय पाच गोळ्यांवरून काही ठरतच नाही, तीच रायफल तोच लॉट (एकाच वेळी बनवलेल्या गोळ्यांची खेप), एक ग्रुप छोटा येतो आणि पुढचा दुप्पट, आणि लोक छोट्याचा फोटो टाकतात. बेंचवर रेस्ट ठेवून ५० यार्ड किंवा ५० मीटरवर दहा-दहाचे चार-पाच ग्रुप मारा, बॅरल साफ केलं असेल तर आधीच्या काही गोळ्या धरू नका, आणि वाईट ग्रुप फेकून देऊ नका, तोच खरं सांगतो. त्याआधी अ‍ॅक्शनचे स्क्रू नीट आवळलेत का ते बघा, सैल स्क्रूमुळे चांगल्या रायफली नापास झालेल्या मी पाहिल्यात.

महाग गोळीचं म्हणाल तर किमतीवर काही नसतं, लॉटवर असतं. टेनेक्स या महागड्या मॅच गोळीचा एक लॉट एका बॅरलमध्ये सुंदर जातो आणि दुसरा लॉट त्याच बॅरलमध्ये पसरतो, कधीकधी एसके स्टँडर्ड प्लस या स्वस्त गोळीचा एखादा लॉट त्याच्यापेक्षा बरा निघतो. म्हणून तर लापुआ या काडतूस कंपनीने अ‍ॅरिझोनात मेसाला टेस्टिंग सेंटर ठेवलंय, रायफल नेऊन वेगवेगळे लॉट मारून बघता येतात. आणि बिघडलेला क्राउन कुठल्याच गोळीने दुरुस्त होत नाही, तो गनस्मिथकडून कापून घ्यावा लागतो, ते काम तसं मोठं नाही.

राहिलं घरपोच, आणि हे आपल्या लोकांनी नीट वाचा. सीएमपी अमेरिकन नागरिकांनाच विकते, १८ च्या वरच्या, संलग्न क्लबचे मेंबर असलेल्यांना. ग्रीन कार्डवर तिथून मिळत नाही, त्यांनी नेहमीच्या लायसन्सवाल्या डीलरकडे जायचं आणि आपल्या राज्याचा कायदा बघायचा. एच-१बी वगैरे व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने मोजके अपवाद सोडून बंदूक जवळ ठेवणंच गुन्हा आहे, तेव्हा कुणाच्या मेसेजवर न जाता आधी वकिलाला विचारा. मुलांचं शिकणं तेवढ्यासाठी थांबवू नका, बऱ्याच ज्युनिअर क्लबांकडे स्वतःच्या रायफली असतात आणि मुलं कोचसमोर त्यांवरच शिकतात.